पाचवा बोल्ट

रविवार, १३ नोव्हेंबर १९९४

मनगट लटपटतंय. अक्षर डॉक्टरचं वाटतंय, तरी लिहायलाच हवं.

उत्तनच्या टेकडीमागे पन्नास फुटी काळा कातळ आहे. त्यावर आमचं चढाई मंडळ गेले चार रविवार छिन्नी-हातोडा घेऊन लोंबकळतंय. एक घाव, छिन्नीला पाव वळसा, पुन्हा घाव. तासाभराने भोक कसंबसं पेरभर! हा दगड म्हणे ज्वालामुखीतून वाहत आला. वाहत होता तेव्हा आम्हाला कुणी बोलावलं नाही.

भोकात बोल्ट, बोल्टावर पोलादी पत्री, पत्रीत कडी, कडीत दोर. खालून चढत जाणारा निसटला, तर त्याला धरणार हाच बोल्ट. एकूण सहा. तीन मी ठोकायचे, तीन हरिश्चंद्राने – ऑफिसातला जुना सोबती, मंडळाचा म्होरक्या. पायथ्याशी सरूबाई बोंबील वाळत घालत होती.

"काय रं, दगराला भोकं पारून पोट भरतंय काय?"

"न्हाय, बाई."

"मंग घरा जा की!"

जायला हवं होतं. पाचव्याचं भोक अडीच इंच हवं. दीड इंचावर माझा हात संपला. हरिश्चंद्र तेव्हा खाली पाणी प्यायला गेलेला. बोल्ट तेवढाच आत ठोकला, बाहेर उरलेला इंच करवतीच्या पात्याने कापला, नट आवळला. बाहेरून सहाही सारखे दिसतात.

मंगळवार, १५ नोव्हेंबर

साप्ताहिकात माझा लेख आला. मीरा रोडचे बिल्डर, वाळूत चवीपुरतं सिमेंट, वर गुळगुळीत गिलावा वगैरे. सुलू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "झकास! त्या लोकांची झोप उडेल."

बायको इतकी भाबडी असू नये.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

हरिश्चंद्राने डबा खाताना जाहीर केलं – रविवारी पहिली चढाई संपदाची. त्याची मुलगी. एकोणीस वर्षांची.

वरून दोर सोडून बोल्ट गुपचूप बदलता आला असता. पण माथ्यावरच्या बंगलेवाल्याने परवाच तारेचं कुंपण घातलंय, कुत्राही ठेवलाय. म्हणजे आता सांगणं आलं.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

सांगितलं. त्यांच्या घरी, चहा घेताना, सरळ शब्दांत – "पाचवा बोल्ट आखूड आहे. मीच कापला."

हसले! हरिश्चंद्र सगळ्यांत मोठ्याने. "बिल्डरांवर भागलं नाही वाटतं? आता आमच्यावर लेख!" संपदा म्हणाली, "काका, सुरुवात छान आहे, पण शेवट अजून खुसखुशीत हवा हं."

वीस वर्षं लोकांना हसवून मी एवढं कमावलं, की माझं खरं कुणाला खरं वाटत नाही. चालेल. पण मग मीही हसलो. बशीत चहा सांडेपर्यंत हसलो. त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. इथेसुद्धा लिहवत नाही.

रविवार, २० नोव्हेंबर

संपदा कमरेला दोर बांधत होती. म्हटलं, "आधी मी."

"का? उद्घाटनाला साहित्यिकच लागतो का, काका?"

दोर तिच्या हातून घेतला. कमरेला हातोडी अडकवली. खाली दोर धरायला हरिश्चंद्र.

चढ तसा अवघड नाही, माझ्या वयाला उद्धट आहे इतकंच. या दगडात जुन्या बुडबुड्यांची भोकं राहिलीत, दोन बोटं जेमतेम मावतात, कडा ब्लेडसारख्या. पहिल्या बोल्टात कडी, दुसऱ्यात, तिसऱ्यात. चौथ्यात कडी अडकवली आणि डावा पाय शिवणयंत्रासारखा थडथडायला लागला. पाठीमागे समुद्र. बघितला नाही. उभं राहण्यापुरती बोटभर कपार होती, तिच्यावर तोल सावरला आणि पाचव्याला आडवी हातोडी मारली. तीन घाव. दुधाचा दात पडावा तसा हातात आला!

उंच धरून ओरडलो, "हा बघा! थट्टा नव्हती!"

खालून हरिश्चंद्राचा आवाज, पार फाटलेला – "दोरावर बसू नकोस! हातापायांनी उतर! ऐकतोयस ना, बसू नकोस!"

दमलेल्या माणसाला दोरावर बसवून, सगळा भार शेवटच्या अडकवलेल्या कडीवर टाकून, सावकाश खाली सोडतात. मला तेवढीही दया नाही. बरोबरच आहे, म्हटलं. चाळीस फूट एकेक खाच चाचपडत उतरलो. दोन्ही गुडघे सोलले.

संपदाने बोल्ट माझ्या हातातून घेतला. बोटावर मापला. बापाकडे दिला. मला म्हणाली, "शुक्रवारी तुम्ही हसलात, काका."



सोमवार, २१ नोव्हेंबर

संपादकांचा फोन – पुढचा लेख? म्हटलं, ताप आहे.

बुधवार, २३ नोव्हेंबर

हरिश्चंद्र आला. चपला न काढता दारातच उभा. सुलूने "आत या ना भाऊजी" म्हटलं, तर मान हलवली.

"चौथा माझा होता. तोही आखूडच आहे. वाटलं, एकानं काय होतंय – तुझे तीन तर पक्के आहेत."

मग खाली बघत – "संपदाला तू सांगशील?"