किटलीतली थंडाई

शनिवार, १४ डिसेंबर १९९६, नगर

वजन बसलं! काट्यावर बरोबर सत्तावन्न किलो. कालपासून पाण्याचा थेंब नाही, घोंगडी पांघरून पळत होतो, जीभ टाळूला चिकटलेली. काट्यावरून उतरलो तर समोर आबा! पाथर्डीहून जीपने आलेले, हातात थंडाईची किटली, वर ओलं फडकं बांधलेलं. आईने पहाटे उठून वाटलेली थंडाई. बदाम, बडीशेप, खसखस... वासानेच वेडा झालो.

किटली तोंडाला लावणार तोच वस्तादांनी हात धरला.

"खसखस हाय का हिच्यात?"

"हाय की. त्याबिगर थंडाई कसली?" आबा म्हणाले.

"मग न्हाई प्यायची. खसखस अफूच्या बोंडातली. औंदा जिंकनाऱ्याची लघवी तपासनार हायेत. त्यात अफू घावली, तर कुस्ती जिंकून बी बाद."

आबांचं तोंड एवढंसं झालं. "आमच्या आज्यापासनं पितोय," एवढंच पुटपुटले आणि फडकं परत बांधलं. वस्तादांनी मला मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेही घोट घोट. एकदम प्यायलो तर उलटी होईल म्हणे. असा राग आला! डोळे सगळे त्या किटलीवर.

आत्ता लिहिताना डोक्यात उजेड पडला. मघाशी कसं सुचलं नाही? इतक्या वर्षांत वस्तादांनी मला एकदा 'बरं खेळलास' म्हटलेलं नाही. पण तपासणी फक्त जिंकणाऱ्याचीच आहे ना? मी उद्या हरणार असं वाटलं असतं, तर कशाला अडवली असती किटली? पिऊ दिली असती की पोटभर!