हिरव्या टोपणाची पिशवी

१७ नोव्हेंबर
नानांचं वजन पुन्हा वाढलं! एकसष्टवरून साडेत्रेसष्ट. पावलं सुजलीत, नुसतं बसूनही धाप. मूत्रपिंडं थकली म्हणून पोटात नळी बसवली. दिवसातून तीनदा दोन लिटर पाणी आत सोडायचं, चार तासांनी काढायचं. सकाळ-संध्याकाळ पिवळ्या टोपणाची साधी पिशवी, ती मी लावते. दुपारची हिरवी, जास्त साखरेची. तेव्हा मी कॉलेजात, म्हणून ती ते स्वतःच लावतात. साखर पोटाच्या पडद्यातून जादा पाणी ओढून घेते. अकरावीला मनुके भिजवून शिकवते मी हे! आणि घरात दोन हजार मिली आत, एकोणीसशे बाहेर.

१८ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, "पडदा थकला असेल. सोमवारपर्यंत पाणी निघालं नाही, तर रक्त मशीननं शुद्ध करावं लागेल." म्हणजे आठवड्यातून तीनदा हातात सुया. नानांचं हृदय ते सोसेलच असं नाही, हेही म्हणाले. फार भीती वाटतेय. मला बापाला गमवायचं नाही.

१९ नोव्हेंबर
पिवळ्या पिशव्या संपत आल्या. इतक्यात? फोन करून मागवल्या.

२० नोव्हेंबर
दवाखान्यात तपासणी. नर्सनं हिरवी लावली – चोवीसशे निघालं! पडदा उत्तम. मग घरीच पाणी कुठं मुरतंय? चोरून पितात, दुसरं काय! नऊ वर्षं त्यांचा मधुमेह मीच सांभाळतेय. मागे नानखटाई खाऊन साखर तीनशेवर नेली, तेव्हा चार दिवस अबोला धरला होता. आज त्यांचा तांब्याच कपाटात कुलूपबंद केला.

२१ नोव्हेंबर
स्वयंपाकाच्या गीताबाई माझ्यावरच उखडल्या. "नाना पाणी नाय पीत ओ ताई. ओठ पार सुकलेत त्यांचे. तुमी लई कडक वागता."
नानांची पाण्याच्या नोंदींची वही उघडली. तहसीलमधली छत्तीस वर्षांची कारकुनी – एक खाडाखोड नाही. दोन हजार आत, साडेएकोणीसशे बाहेर. खोटं लिहायचं असतं तर बरे आकडे लिहिले असते! मग चुकतंय काय? उद्या न सांगता दुपारी घरी यायचं.

२२ नोव्हेंबर
पुंडलिकनगरातलं घर येईपर्यंत रिक्षात जीव थाऱ्यावर नव्हता. दार हळूच ढकललं. नाना पलंगावर; पंखा बंद, तोंडाला मास्क, हात स्वच्छ – सगळं नियमानं. आणि खुंटीला पिवळी पिशवी! हिरव्या सगळ्या पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या.
"हिरवीत साखर जास्त गं. पडद्यातून थोडी रक्तातही जाते, तूच म्हणाली होतीस."
मग खाली बघत – "आणि साखर वाढली की तू बोलत नाहीस माझ्याशी."