नांदगुळ्याचा थांबा

१४ डिसेंबर

नांदगुळ्याला कुणीही चढलं नाही. उतरलंही नाही. सांगलीहून साताऱ्याला येणारी सकाळची पॅसेंजर तिथं थांबली, मी दारात उभा राहून पाहिलं — फलाटावर फक्त एक कुत्रं! तेही गाडीकडं पाठ करून. दुहेरी मार्ग झाला, वीज आली, आणि अख्खी गाडी एका श्वानाला अभिवादन करायला थांबते! या आठवड्याचं सदर मिळालं.

भाग्यश्रीला सांगितलं. म्हणाली, "कुत्र्याची बाजू घेतलीत का विचारून?" पंचवीस वर्षांचा संसार, पण पत्रकाराच्या बायकोनं इतकं तयार होऊ नये.

१८ डिसेंबर

छापून आलं. 'श्वानार्थ थांबा'. गाडी थांबवून पुन्हा वेग घ्यायला किती वीज जाते, ती कोळसा जाळून कशी येते, म्हणजे रिकामा थांबा हा पर्यावरणद्रोह कसा — सगळं बसवलं. सकाळपासून फोन. "गुरुजी, लय भारी!" पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो ते असं उपयोगी पडतं. प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत श्रेष्ठ. डोळ्यांनी पाहिलं!

१५ जानेवारी

आजपासून नांदगुळ्याचा थांबा रद्द. रेल्वेच्या साहेबांचा स्वतःहून फोन — "तुमच्या लेखानं काम सोपं केलं." छाती फुगली. इथं लिहायला हरकत नाही, दुसरं कोण वाचतंय.

२४ जानेवारी

मंडईत गेलो होतो. मेथीची जुडी फार महाग. बाईला चिडवलं, "काय चंदनबाला, मेथीला सोनं फुटलं का?" दर आठवड्याला तिच्याकडून घेतो. कुठल्या गावची, हे कधी विचारलं नव्हतं.

"गाडी बंद केली न्हवं आमची," म्हणाली. "आता टेम्पो करून येतोय. त्यो परवडाय नगो? आवं, जैनाची मान्सं आमी, नांदगुळ्याची. समद्या बाया पाट्या घिऊन गाडीनं यायचो. कुना मुडद्यानं पेपरात लिवलं, हितं कुत्रं बी चढत न्हाई म्हनून!"

(कुत्रं चढत नाही असं मी लिहिलं नव्हतं. पण ही दुरुस्ती सुचवायची वेळ नव्हती.)

विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुणीच कशा नव्हता?"

"चौदस असंल. अष्टमीला आन् चौदशीला आमी हिरवं खात न्हाई, तोडत बी न्हाई. त्या दिवशी मंडईत येऊन काय करायचं?"

जुडी घेतली. सुट्टे परत घ्यायचे राहिले.

२५ जानेवारी

पंचांग काढून पाहिलं. चौदा डिसेंबरला मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी, पौर्णिमा लागली ती संध्याकाळी. त्याच संध्याकाळी दत्तजयंतीच्या कीर्तनाला मी स्वतः गेलो होतो! तिथ्या तोंडपाठ असलेला माणूस मी. एका दिवसाच्या दर्शनावरून तीनशे दिवसांचं अनुमान काढलं. पाठशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोराला यासाठी कान धरून उभं करतात.

२६ जानेवारी

भाग्यश्रीनं मेथीची भाजी केली. जेवलो नाही. तिला वाटलं पित्त.

३० जानेवारी

नांदगुळ्याला जाऊन आलो. एसटीनं. टेम्पो चढणीला काळा धूर ओकत होता, बाया मागं पाट्यांच्या मधे उकिडव्या. वीज आल्यापासून जे धुराविना जात होतं, ते आता डिझेल पिऊन जातंय. पर्यावरणद्रोह! शब्द माझाच.

दुपारी मंडईहून परतल्यावर फलाटाच्या कट्ट्यावर सगळ्या बसल्या होत्या. सांगून टाकलं — "तो मुडदा मी."

मग हरणाबाई, सगळ्यांत म्हातारी, कपाळाला हात लावून म्हणाली, "दिसाय तर शाना दिसतोय की गं!" एकदम हसू फुटलं सगळ्यांना. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

चंदनबाला हसली नाही. "माझी मेथी खाऊन लिवलं व्हय!" एवढंच. मग, "आता उलटं लिवा की. लिवायला येतंय न्हवं तुमास्नी?"

दोघी-तिघींनी भाजी सोडून ऊसतोडीला जायचं ठरवलंय. चंदनबालाही गुढीपाडव्यापर्यंत वाट बघणार, मग मळा मक्त्यानं देणार. उलटं लिहीनच.

४ फेब्रुवारी

लिहिलं. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत. 'अष्टमी-चतुर्दशी वगळता येथून रोज भाजी जाते' असं होतं. वाक्य लंगडायला लागलं. 'वगळता'ने जोर जातो. खोडलं. 'येथून रोज भाजी जाते, एकही दिवस खंड नाही' — हे कसं ठसठशीत!

संपादक म्हणाले, "गुरुजी, माफी मागतानाही अलंकार?"

२५ फेब्रुवारी

थांबा परत! एक तारखेपासून, महिनाभर चाचणीवर. साहेबांचा फोन — "तुम्हीच छापलंय, एकही दिवस खंड नाही. आमचा माणूस रोज बघेल. एक दिवस जरी फलाट रिकामा दिसला तर कायमचा बंद." म्हटलं, खुशाल बघा!

नांदगुळ्याला निरोप धाडला, जसाच्या तसा. भाग्यश्रीनं शिरा केला. बऱ्याच दिवसांनी दोनदा वाढून घेतलं.

७ मार्च

सांगलीला काम नव्हतं, तरी गेलो, परतताना ती गाडी मिळावी म्हणून. नांदगुळं आलं. फलाट भरलेला! ओळीनं बाया, डोक्यावर पाट्या. रेल्वेचा माणूस बघतोय. माझी मान वर.

चंदनबाला माझ्याच डब्यात चढली. पाटी खाली ठेवली. मेथी. नुकतीच उपटलेली, मुळांची माती ओली. हरणाबाई कुठं दिसेना. विचारलं.

"ती न्हाई यायची आज. माज्याशी बोलंना झालीया."

"का?"

"आज अष्टमी हाय न्हवं."

तिनं पदर पाटीवर ओढला.

"पेपरात लिवलंय तुमी, रोज म्हनून. पुन्यांदा तुमाला खोटं कसं पाडायचं?"