कुंकू लावलेला कॉम्प्युटर

२२ ऑक्टोबर २००४, दसरा

कॉम्प्युटर गेला! आणि घालवला मीच — पूजा करून.

सकाळी हरिपाठ झाल्यावर हत्यारांची पूजा मांडली. स्कूटर, बायकोचं शिलाई मशीन, आरोहीचा कॉम्प्युटर. आबा गावाकडे नांगराला करायचे तसंच सगळं. तांब्यात आंब्याचा डहाळा बुडवला, तीनदा शिंपडलं, कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. उकाड्याने डबा तापतो म्हणून आरोहीने त्याचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं. ते माझ्या ध्यानातच नाही! नमस्कार केला, बटण दाबलं — टप्! मग जळका वास. पूजा देवाला पोचली असेल, पाणी मात्र आतच राहिलं.

आरोही क्लासवरून आली. डोकावून बघितलं. "पप्पा, तुम्ही याला आंघोळ घातली?"

बायको हसत सुटली. मला हसू येईना. आबांचं पुस्तक आत आहे.

२३ ऑक्टोबर

इथे मांडून ठेवतो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल. त्रिपुरी पौर्णिमेला आबांना पंचाहत्तर पूर्ण. निफाडजवळ आमच्या गावी कार्यक्रम. त्या दिवशी वडिलांच्या आयुष्याचं छोटंसं पुस्तक छापून वाटायचं, असं मीच ठरवलेलं. वर्षभर रविवारी गावी जाऊन त्यांचं ऐकायचं आणि घरी येऊन दोन बोटांनी टाइप करायचं. कागदावर एक ओळ नाही. आरोही कितीदा म्हणाली, "सीडीवर घेऊन ठेवा." ठेवली नाही. आबांनी तर फेटा बांधून फोटो काढून घेतलाय, आणि सगळ्या शिवाराला सांगून झालंय — माझं पुस्तक येतंय.

दुपारी डबा स्कूटरवर बांधून कॅनडा कॉर्नर चौकात गोरक्षच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला. टेबलावर आधीच दोन डबे, दोन्हींना कुंकू.

"दसरा झाला की आमची दिवाळी, काका!" म्हणाला. "हा बघा, याच्या पंख्याने खोलीभर अक्षता उडवल्या म्हणे. लग्नच लागलं!"

बोर्ड जळाला, पण हार्ड डिस्क वाचली असेल तर फाइली निघतील. दुसऱ्या मशीनला जोडून बघणार. आधी वाळू द्यायची. "देवाला सांगा तुम्ही. पण आता पाण्याशिवाय."

२४ ऑक्टोबर

गावी गेलो. आबांना सांगून टाकलं.

"पाणी? मशीनवर? शिकलेला ना तू?"

"तुम्हीच शिकवलं, आबा."

"मी नांगराला शिंपडायचो! नांगरात कधी करंट व्हता का?"

म्हटलं, पुन्हा सांगा, या वेळी वहीत उतरवतो. तर म्हणे, "एकदा सांगितलं ना? मी काय रेडू हाय, पुन्हा पुन्हा वाजायला?" टोपी घातली आणि चालले मळ्यात. द्राक्षाची छाटणी चालू आहे, त्यांच्याशिवाय ती होतच नाही असं त्यांना वाटतं.

आई ओट्यावर शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "मी सांगू का? मी व्हते की तिथंच."

मला हे वर्षभरात एकदाही सुचलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर

काय बाई आहे! पोट धरून हसलो.

आबांच्या फाइलीत होतं — गावात पहिली द्राक्षं मी आणली, लोक हसले, पण बाग उभी राहिली. आई म्हणते, "काड्या आणल्या त्यांनी, ते खरं हाय. पण लावल्या उलट्या! डोळे खाली, बूड वर. लोक हसतील नायतर काय करतील? ते बाजाराला गेल्यावर मी सगळ्या उपटल्या आन् सरळ केल्या."

"आबांना सांगितलं नाहीस?"

"कशाला? फुटल्या तवा किती खूश व्हते!"

आणि फाइलीतला तो बैल, आबांनी एका बुक्कीत आडवा केलेला? "तो बैल बसायच्याच बेतात व्हता रे."

७ नोव्हेंबर

आज आईने गमतीचं सांगितलं नाही. मधला एक दुष्काळ सांगितला. आबांच्या फाइलीत तो एका ओळीत होता — 'ते दिवस आम्ही काढले.' आईला ते दिवस काढायला दुपार लागली. आबा दाराशी येऊन उभे राहिले, ऐकलं, परत मळ्यात गेले.

१२ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. गोरक्षचं दुकान बंद. फोनही उचलत नाही.

१७ नोव्हेंबर

मिळालं!

दुपारी गोरक्षचा फोन — "काका, डिस्क फिरतेय. या." हाफ डे टाकून आरोहीला घेऊन गेलो. फाइल उघडली तर सगळे चौकोन, कंस, प्रश्नचिन्हं. म्हटलं, पाण्याने अक्षरं धुऊन नेली! आरोहीने कपाळावर हात मारला. "पप्पा, यांच्या मशीनवर आपला मराठी फॉन्ट नाही." घरी जाऊन फॉन्टची सीडी आणली. पाच मिनिटांत आबा परत आले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

मी हात जोडले. गोरक्ष म्हणाला, "जोडा, जोडा. पण लांबूनच."

प्रिंट काढली, सीडी करून घेतली. दोन.

१८ नोव्हेंबर

आनंद एक रात्र टिकला. आज आबांची प्रिंट आणि आईची वही शेजारी शेजारी ठेवून वाचली. छापायचं कुठलं? पुस्तक आबांचं, सोहळा आबांचा. आईचं छापलं तर भर मांडवात फेट्यातल्या माणसाच्या काड्या उलट्या निघणार. आणि नाही छापलं, तर मला ठाऊक असून मी अर्धं सांगितलं असं होणार.

आबा खोटं बोलले असं म्हणवत नाही. गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की देवाचं तोंड दिसतं. प्रदक्षिणेत मागची भिंत दिसते, तेलाने काळी झालेली. देऊळ दोन्हींचं मिळून असतं.

छापखानेवाला म्हणतो, सोमवारी मजकूर पाहिजे.

२१ नोव्हेंबर

आबांना दोन्ही वाचून दाखवलं. आई समोरच. "नको रे," म्हणत होती, पण उठून गेली नाही.

काड्यांपाशी आलो. आबांनी हात वर केला. "थांब. उलट्या?"

आई म्हणाली, "मग काय!"

आबा तिच्याकडे वळले. मला वाटलं, आता टोपी घालून मळ्यात जाणार. तर खांदे हलायला लागले. हसता हसता ठसका लागला, आईने पाणी दिलं.

"चाळीस वर्सं गप बसली ही!" मग मला म्हणाले, "दोन्ही छाप. डाव्या पानावर माझं, उजव्यावर तिचं. आन् फोटो तिचाबी पाहिजे."

"लोक हसतील, आबा."

"तवाबी हसलेच व्हते."

२३ नोव्हेंबर

छापखान्यातून फोन. आबांच्या फोटोखाली जन्मसाल आहे, आईच्या खाली काय टाकू? मला माहीत नाही! गावी फोन लावला. आईला साल सांगता येईना. म्हणाली, "यांच्या बारशाला मी आले व्हते. आईचं बोट धरून, चालत. लग्नात आईने माझी चार वर्सं कमी सांगितली, तीच पुढं चालली."

"आई, म्हणजे तुझी पंचाहत्तरी..."

"झाली असंल की, कधीतरी."

छापखान्यात परत फोन केला. म्हटलं, थांबा.