एक रेघ, खाली खरं

९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बराय म्हणतेस, म्हणजे अजून दुखतोय. मी मजेत. दर शनिवारी हौशी मंडळींबरोबर उत्खननाला जाते.

सातशे वर्षांपूर्वीचं घर निघतंय. नुसत्या दगडांच्या दोन ओळी. पण ब्रशने माती झाडत बसलं की भिंती आपोआप वर येतात, दार लागतं, आत कुणीतरी वावरायला लागतं. परवा चुलीपाशी जमीन एकाच जागी खोलगट लागली. कुणी बाई जन्मभर तिथेच बसत असणार. सगळ्यांची नजर चुकवून मीही बसले. ऊन इतकं मऊ होतं, की डुलकीच लागली.

शाळेत सिस्टरांनी आपल्या दोघींकडून गिरवून घेतलेलं अक्षर इथे कामी आलं. खापरांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहिते, पेन्सिलीने. गेल्या शनिवारी चुलीजवळच्या खापरांच्या चिठ्ठीवर माझ्या हातून चुकून ओसरीचा नंबर पडला. गुपचूप खोडरबर काढलं, तर आमचे प्रमुख, निवृत्त सर्वेअर, मागेच उभे. सातशे वर्षं हलली नाही ती चूल तुम्ही एका दुपारीत ओसरीवर नेलीत, म्हणून हसले. मग म्हणाले, "बाई, खोडायचं नाही. चुकीवर एक रेघ मारा, ती वाचता आली पाहिजे. खाली खरं लिहा आणि सही करा."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही, ठमे.

तुझं-माझं अक्षर एकच. बाबासुद्धा फसायचे. घड्याळवाल्यांचा मुलगा नोकरीला परगावी गेला तो पुन्हा फिरकला नाही. तू अजून हसत सांगतेस, लग्नाचं मला कुणी विचारलंच नाही.

त्याने विचारलं होतं. तू कॉलेजात होतीस, टपाल माझ्या हाती पडलं. आई अंथरुणाला खिळलेली. तूही गेलीस तर मी एकटीने कसं निभवायचं, या धास्तीने मी तुझ्या नावाने नकार लिहिला. चार ओळी. सहीसुद्धा तुझी केली.

पुढे आई गेली, माझं लग्न झालं, आणि एकटी राहिलीस ती तू.

तो आता कुठे असतो, मला ठाऊक नाही. त्याचं पत्र मात्र फाडवलं नाही. सोबत पाठवतेय. तीन पानं आहेत. तिसरं मी कधीच वाचलं नाही. तेवढं तरी तुझ्या एकटीचं असू दे.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

ताई