स्वरूपाच्या मापाचं घर

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची महाळुंग्याला! दुपारसाठी घेतलेला डबा चाकणच्या चौकात अडकल्या अडकल्याच खाऊन संपवला, एवढी गर्दी. रोज कासारवाडीहून ये-जा केली तर काम बाजूला आणि आयुष्य रस्त्यावर जाईल. म्हणून सोमवार ते शनिवार इथेच राहायचं, रविवारी घरी. आईने नाक मुरडलं. ओवीने तर भोकाड पसरलं. पाच वर्षांची आहे, तिला काय कळणार की आईच्या एकटीच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम आहे! रविवारी तुझ्याच कुशीत झोपीन असं कबूल केलं, तेव्हा कुठे सोडलं तिने.

मालक दौलतराव. जमीन कंपन्यांत गेली, त्या पैशातून दुमजली बंगला बांधला. बांधणाऱ्याला कोपरापासून नमस्कार! फ्रिज उघडला की दार ओट्याशी उभ्या बाईच्या पाठीत बसतं, जिन्याला कठडा नाही, न्हाणीघराला उंबरठा एवढा की रोज कुणीतरी ठेचकाळावं. आता आतून सगळं नव्याने करायचंय, आणि तेही सुनेच्या सोयीने. सून स्वरूपा माहेरी जुन्नरकडे गेली आहे, घर झालं की येणार. मुलगा निरंजन कंपनीच्या कामाने परराज्यात आहे. दौलतराव म्हणाले, मागल्या टायमाला आमी पोरगी घराच्या मापानं बसवली, आता घर तिच्या मापानं बसवायचं हाय. म्हटलं, वा, सासरा असावा तर असा!

माझी पद्धत त्यांना पटली. मी नुसत्या कागदावर घर करत नाही. आधी प्लायचा कच्चा ओटा, कच्ची कपाटं ठोकून घेते आणि जिचं घर तिच्यासारखी काही दिवस त्यात वावरते. काळेवाडीतल्या एका आजींसाठी मी आठवडाभर गुडघे आखडून फिरले होते. आई म्हणायची, नाटकात का गेली नाहीस? पण त्या आजी अजून दिवाळीला फराळ पाठवतात.

८ जानेवारी, बुधवार

कुसुमताई, म्हणजे दौलतरावांच्या मंडळी, सुनेचं माप देताना हरखून गेल्या होत्या. तिचं पोलकं दिलं, चपला दिल्या, उंची स्वतःच्या कानाशी हात धरून दाखवली. स्वरूपा डावखुरी. गाडीवरून पडल्यापासून उजव्या पायाने लंगडते. कोरा चहा पिते, पूर्वेच्या खिडकीत बसून. मुलांची खोली कुठे काढू विचारलं तर कुसुमताईंचा चेहरा उतरला. तिला मूलबाळ न्हाई, म्हणाल्या. मग मी विषय वाढवला नाही.

सुतार सिद्धेशने कच्चा ओटा ठोकला. माझ्यासाठी फारच बुटका. उजवा हात ओढणीने बांधून डाव्याने पोळ्या लाटल्या. पोळ्या कसल्या, नकाशेच! कुसुमताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. कंबर मात्र पार मोडली.

स्वरूपाशी एकदा फोनवर बोलू द्या म्हटलं, तर तिकडे रेंज नाही म्हणे. आता मालकाशी वाद कोण घालणार?

१२ जानेवारी, रविवार

घरी. ओवी दिवसभर कडेवरून उतरली नाही. जेवायला वाढताना पळी डाव्या हातात होती. आई म्हणाली, काम घरी आणू नकोस. ओवीला त्याची गंमत वाटली, तीही डाव्या हाताने जेवायला लागली आणि वरण सगळं फ्रॉकवर. खूप हसलो तिघी.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. कुसुमताईंनी हळदीकुंकू लावून हातात बांगड्या भरल्या. स्वरूपाच्या होत्या, लहान मापाच्या. माझे हात हे असे, प्लाय-फळ्या हाताळून हाताळून रुंद झालेले, मी आधीच सांगितलं की फुटतील. पण एकही फुटली नाही. सरसर गेल्या.

आणखी एक. कंबर दुखायची थांबलीय. सवय झाली असेल म्हणून मी खूश होते. आज सिद्धेशने विचारलं, मॅडम, ओटा उचललात का? मी म्हटलं, हात नाही लावला. त्याने टेप लावला. ओटा होता तेवढाच होता. मग तो माझ्याकडे बघत राहिला आणि रंधा मारायला लागला. मला त्याचा रागच आला.

१९ जानेवारी, रविवार

घरी गेले तर आईने दारातच विचारलं, सलवार का लोळतेय? फळीवरचा साखरेचा डबा मी रोज काढते. आज हात पोचेना. चवड्यांवर उभी राहिले तरी पोचेना. शेजारच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अशक्तपणा आहे म्हणून गोळ्या दिल्या. वजनकाट्याजवळच्या भिंतीवर उंचीची पट्टी होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही.

ओवी जवळ आली, मान वाकडी करून माझा वास घेतला आणि आजीमागे जाऊन लपली. म्हणाली, ही आई नको. आई ओरडली तिच्यावर. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

ठरलं. काम गेलं खड्ड्यात. उद्या जाणार नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

महाळुंग्यातच आहे. कशी आले सांगता येत नाही. सोमवारी सकाळी ओवीला शाळेत सोडून वळले ते आठवतं. नंतर एकदम पूर्वेच्या खिडकीत बसले होते, हातात कोरा चहा. मी चहा कोरा पीत नाही! मला दुधाचा लागतो, आलं घातलेला, मी विजयश्री आहे, मला दुधाचा लागतो.

शेजारच्या गोजाबाई कुंपणापाशी धुणं वाळत घालत होत्या. त्यांना स्वरूपाबद्दल विचारलं. त्यांना वाटलं मला ठाऊक असेल. ती गेली, म्हणाल्या, दोन वर्षं झाली. याच घरात, न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडकून पडली, डोक्याला मार लागला. पोर लई गुणाची, पन घर तिला कदी मानवलं न्हाई. मग त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं आणि बादली तिथेच टाकून आत गेल्या.

मी लंगडत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

दौलतरावांना जाब विचारला. पन्नास वेळा खोटं का बोललात? म्हातारा ढसाढसा रडला. म्हणाला, कुसुमला तिच्यावाचून अन्न गोड लागंना. एका जाणत्यानं सांगितलं होतं, घर तिच्या मापाचं करा, ती येईल. ती येईल यवढंच ठावं होतं ताई, कशात येईल ते आमाला काय ठावं. म्हटलं, मग तोडा तो ओटा! त्याने सिद्धेशला सांगितलंही. सिद्धेशने हातोडा उचलला आणि माझ्या मनगटातून अशी कळ निघाली की मीच किंचाळून त्याला थांबवलं. तो सामान टाकून गेला, तो आलाच नाही.

कुसुमताईंना काही सांगून उपयोग नाही. त्या माझा हात कुरवाळतात आणि म्हणतात, आलीस, लई झालं.

फाटकाबाहेर चार पावलं जाते. पुढे पाय चालत नाही. बाहेर सगळंच उंच, सगळंच उलट्या हाताचं, दुखतं सगळं. आत काही दुखत नाही. हीच तर भीती वाटते.

२५ जानेवारी, शनिवार

हे डाव्या हाताने लिहिलंय. उजव्याने अक्षर निघत नाही.

इथल्या फोनवरून घरी लावला. ओवीने उचलला. ओवी, मी बोलतेय म्हटलं. ती शहाण्यासारखं म्हणाली, आई कामाला गेलीय मावशी, उद्या येणार आहे.

आईने फोन घेतला. कोण हवंय म्हणून विचारलं. मी सांगत राहिले, रडत राहिले — तिने राँग नंबर म्हणून ठेवून दिला. माझ्या आईने —

पुन्हा लावला तेव्हा नंबरचे शेवटचे आकडे —

२७ जानेवारी, सोमवार

काल रविवार होता. कबूल केलं होतं. गेले नाही.

निरंजन आले. मला बघून दचकलेसुद्धा नाहीत. पाय कसा आहे, एवढंच विचारलं. मीही सांगितलं — बरा आहे म्हणून — माझ्या तोंडून — मी त्या माणसाला आधी कधी पाहिलेलं नाही!

विसरू नये म्हणून लिहून ठेवते. मुलगी आहे मला. ओवी. पाच वर्षांची. कासारवाडी. ओवी, ओवी, ओवी. खालचे दोन दात पडलेत. नाही, एक. एक का दोन — देवा, आईला हे ठाऊक असायला हवं ना —

२९ जानेवारी

सासूआत्यांनी आज भाकरी थापायला लावल्या. चांगल्या झाल्या. ओटा अगदी मापात हाय.

वर एक नाव लई येळा लिवलंय. कुनाचं ते —

आठवंल.

३१ जानेवारी

सकाळधरनं फाटकात एक म्हातारी आन एक पोरगी उभी हाय. म्हातारी मामंजींना इचारतीया, माजी लेक कुठं हाय, इथं कामाला आली व्हती. मामंजी मान खाली घालून बसल्यात. आत्यांनी दाराला कडी घातली.

मी खिडकीतनं बघते. म्हातारीनं मला बघितलं आन नजर फिरवली. पोरीनं न्हाई फिरवली. गज धरून माज्याकडंच बघतीया आन आई म्हनून हाका मारतीया. आजी तिला वढतीया, ती सुटंना.

मला मूल न्हाई. समद्या गावाला ठावं हाय. मंग तिच्या हाकंसरशी माजं आतडं का तुटतंय, ह्ये कुनी मला —