दारापलीकडची मालवणी

बाबा, तुमच्या पाणबुडीवर मेलेल्या त्या देवगडच्या खलाशाची धाकटी बहीण गेल्या महिन्यात घरी आली होती. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी बाई एसटीने दोन गाड्या बदलून तुमचंच घर विचारत आली. तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती सांगतो, पण आधी माझं भांडण ऐकून घ्या. जिवंतपणी तुम्ही कुणाचं कधी ऐकून घेतलं नाहीत.

अख्ख्या मालवणात मालवणी न बोलणारं घर एकच होतं, आपलं. तुमचा जन्म इथला, आईचा इथला, पण उंबऱ्याच्या आत पुस्तकी मराठी. गाव म्हणायचं, "पाणबुडीचो कप्तान तो, दिल्लीत पदक घेवन इलो, तेका आता आमची भाषा कित्याक व्हयी!" मलाही तेच वाटायचं. आठ वर्षांचा होतो, जेवता जेवता तोंडातून निघून गेलं, "आये, माका वाईच कढी घाल गे." तुम्ही पानावरून उठलात, खुंटीवरचा नौदलाचा पट्टा काढलात. त्याचं पितळी बकल माझ्या डाव्या कानावर बसलं. त्या कानाने मला आजही धड ऐकू येत नाही. आणि आईचं काय? मागच्या दारी ती दबक्या आवाजात मासेवालीशी घासाघीस करत होती, "बांगडे कालचे दिसतत गो." तुम्ही मागून आलात, लाथेने टोपली उडवलीत आणि आईच्या तोंडात मारलीत. ओठ फाटून रक्त तिच्या पदरावर आलं. मासेवाली कोयती घेऊन उभी राहिली. "सायबानू, हात खाली करा. माझ्यादेखत बायलमाणसाक मारलात तर हात तोडून टाकीन." साऱ्या गावात तुम्हाला असं बोलायची छाती तिचीच. तुम्ही हात खाली केलात आणि आत गेलात. आई आणि ती, दोघी अंगणात पसरलेले बांगडे गोळा करत बसल्या.

मी बारा वर्षांचा होतो. अंगणात पोरांशी मालवणीत भांडताना तुम्ही मला पकडलंत, बखोटीला धरून आंब्यांच्या खोलीत ढकललंत आणि बाहेरून कडी घातलीत. वैशाखाची दुपार आहे. गवताची ऊब, पिकत्या हापूसचा जीव गुदमरवणारा वास, चहूकडे काळोख. मी दोन्ही मुठींनी दार बडवतो आहे. "बाबानू, दार उघडा! माका भ्या वाटता!" बाहेर काहीच हालचाल नाही. मग दारावर कुऱ्हाडीचा घाव बसला. कडी काढायची सोडून तुम्ही दारच फोडत होतात. एक ढलपी उडून माझ्या कपाळात घुसली, डोळ्यांत रक्त उतरलं. दार आडवं झालं तरी तुम्ही थांबला नाहीत, पडलेल्या फळ्यांवर घाव घालतच राहिलात. कुऱ्हाडीचा दांडा मोडला तेव्हा आत आलात, आंब्यांवरच बसलात, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याशी मालवणीत बोललात.

त्या दिवशी तुम्ही जे सांगितलंत ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. माझ्या जन्माआधीच्या लढाईत तुम्ही शत्रूचं जहाज बुडवलं होतं. मग दुसऱ्या जहाजाने वरून दुपारभर स्फोटकं टाकली. दिवे फुटले, माणसं लोखंडावर आपटून त्यांची डोकी फुटली. पुढच्या कप्प्यात पाणी घुसलं आणि तुम्ही मधलं दार बंद करायला लावलंत. आत तिघे होते. त्यांतला तो देवगडचा पोरगा तुम्ही मुद्दाम मागून घेतलेला, गावची भाषा बोलायला कुणीतरी हवं म्हणून. आतल्या फोनवर तो बोलत होता. "साहेबानू, पाणी कमरेक इला. दार उघडा." मग म्हणाला, "गळ्याक इला." दार उघडलं असतं तर सगळेच बुडाले असते. तुम्ही त्याला म्हणालात, "दार उघडता येणार नाही. धीर धर." अगदी असंच, कचेरीतल्या मराठीत. "आपल्या भाषेत येक शबुद माझ्या तोंडातसून फुटलो नाय रे झिला," असं म्हणून तुम्ही रडलात. त्याचा आवाज बंद होईपर्यंत फोन तुमच्या कानाला होता. पदक त्याच मोहिमेचं.

मला वाटलं, आता हा माणूस बदलला. कसला बदलतोय! चौथ्या दिवशी पट्टा पुन्हा निघाला. तुमचं दुःख मला कळलं, बाबा, पण म्हणून माझा कान बरा झाला नाही.

तर ती बहीण. सत्तरीची असेल. तुम्ही तेव्हा तिच्या घरी पाठवलेलं पत्र तिने पिशवीतून काढलं, घड्यांवर फाटलेलं. "तुझ्या बापाशीन लिवलेला, एका घडयेत गेलो, तरास झालो नाय. खरा सांग झिला, तसाच झाला मा?" तुमचं खोटं उघडं पाडायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. इतकी वर्षं मी या वेळेचीच वाट पाहत होतो म्हणा ना. मी म्हटलं, "तसाच झाला. कळूक पण नाय तेका." तिने डोळे पुसले. "बरा झाला. माका वाटायचा, तेणा हाक मारली आसतली आणि कोण गेलो नसतलो."

चहा झाला. निघताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "माझ्या भावाचा लगीन ठरलेला. वाचलो आसतो तर तेका तुझ्याएवढो झील आसतो. तुझो जल्म कधीचो, लढायेच्या आदीचो की मागसून?"

ते दार तुम्ही उघडलं नाहीत म्हणून मी आहे. हे मला आंब्यांच्या त्या खोलीतच कळलं होतं, आणि तुमचा इतका राग करूनही, ते दार उघडायला हवं होतं असं मला एकदाही मनापासून वाटलेलं नाही.

मी तिला सांगितलं, "लढायेच्या आदीचो."